शिबपूरची पोस्टिंग

अंदमान म्हटलं की मराठी माणसाला सेल्युलर जेल आठवतं, आणि ते योग्यच आहे. १९११ साली सावरकरांना जिथे डांबलं ती कोठडी पाहायला आपल्याकडची माणसं भक्तिभावाने जातात. मग हॅवलॉक, नील करतात आणि विमानाने परत येतात. पोर्ट ब्लेअरहून रस्त्याने तीनशेहून जास्त किलोमीटर उत्तरेला गेलं की उत्तर अंदमान नावाचं मोठं बेट लागतं. तिथवर फार थोडे पोचतात. नौदलात असताना माझी बदली तिथे झाली. दिगलीपूरजवळ शिबपूरला तेव्हा नेव्हल एअर स्टेशन होतं. २०१९ च्या जानेवारीत त्याचं आयएनएस कोहासा झालं. मी होतो तो काळ २००९-१० च्या आसपासचा. ड्यूटीच्या निमित्ताने बेट थोडंफार पाहिलं. खरं पाहिलं ते सुटीच्या दिवशी पायी हिंडून.

पहिल्यांदा गेलो तो रस्त्यानेच. अंदमान ट्रंक रोडची बस पहाटे काळोखात सुटते. जिरकाटांगच्या चेकपोस्टवर सगळ्या गाड्या अडवतात आणि ठरलेल्या वेळी ताफ्याने पुढे सोडतात, कारण पुढचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. मध्ये थांबायचं नाही, फोटो काढायचा नाही. मिडल स्ट्रेटला बस फेरीबोटीवर चढते, बाराटांग बेट ओलांडते, हम्फ्री स्ट्रेटला तेव्हा पुन्हा फेरीबोट होती. मग कदमतला, रंगत, आणि दिवस कलायच्या सुमाराला ऑस्टिन स्ट्रेटवरचा पूल. पूल ओलांडला की उत्तर अंदमान. दोन्ही बाजूंना इतकं उंच आणि दाट जंगल की रस्त्यावर सरळ ऊन असं दिवसभरात फारसं पडलंच नव्हतं.

स्टेशन छोटं होतं. आखूड धावपट्टी, डॉर्नियर विमानांची आणि हेलिकॉप्टरची ये-जा, बरॅकी, मेस, सिक बे म्हणजे दवाखाना. फोन बीएसएनएलचा, तोही लागला तर. रेशन पोर्ट ब्लेअरहून यायचं आणि समुद्र खवळला की भाजीपाला रखडायचा. तिथे बदली म्हटलं की बरेच जण मुदत संपायचे दिवस मोजत. माझं तसं झालं नाही. मी देवगड तालुक्यातल्या खाडीकाठच्या गावचा. समुद्र, भरती-सुकती, कांदळवन हे घरचंच होतं. आणि माझं काम होतं हवामानाचं, म्हणजे मेट सेक्शनचं. त्या कामानेच मला बेटाकडे बघायला लावलं.

मेट सेलरची ड्यूटी म्हणजे दर तासाला निरीक्षण. वारा कुठून, किती, दाब, तापमान, दृश्यमानता, ढग कोणते आणि त्यांचा तळ किती उंचीवर. वैमानिकाला यातलं सगळ्यात जास्त कामाचं असतं ते शेवटचं. आमच्या दक्षिणेला सॅडल पीक उभा होता. अंदमान बेटांतलं हे सर्वांत उंच शिखर, ७३२ मीटर, म्हणजे फुटांत सुमारे २४००. माझे चीफ साताऱ्याकडचे होते. त्यांनी पहिल्याच दिवशी मला बाहेर नेऊन तो डोंगर दाखवला. म्हणाले, ‘‘हा बघ आपला मापदंड. माथा दिसत नसेल तर ढग चोवीसशेच्या खाली आलेत. खांदासुद्धा बुडाला, तर निम्म्याच्याही खाली. आधी डोळ्याने ठरव, मग रजिस्टर उघड.’’ त्यानंतर तो डोंगर मी रोज तासातासाला पाहत आलो. जानेवारीत सकाळी स्वच्छ असायचा आणि दहा-अकराच्या सुमाराला माथ्यावर ढग जमायला लागायचे. मे महिन्याच्या मध्यावर नैऋत्येचा पाऊस आला की दिवसच्या दिवस दिसायचा नाही. ज्याची उंची रोज वहीत लिहितोय त्याच्यावर एकदा चढून जायचं, हे मी तेव्हाच ठरवलं.

पण तिथे मनात आलं आणि निघालो असं चालत नाही. सह्याद्रीत आपण पाठीला पिशवी लावून निघतो. वाटेत वाडी लागते, कुणी तरी ताक देतं, देऊळ असतं, वर किल्ला असतो. उत्तर अंदमानात वस्ती आहे ती पूर्वेच्या आणि मधल्या सपाट पट्ट्यात. बाकी सगळं राखीव जंगल, राष्ट्रीय उद्यान नाही तर निर्मनुष्य किनारा. आमच्या बाजूने आधी परवानगी घ्यायची, कुठे जातोय आणि किती वाजता परतणार हे लिहून द्यायचं, कमीत कमी तिघे-चौघे हवेत, आणि एक जण सिक बेमधून प्रथमोपचाराची पिशवी घेऊन आलेला. मग वनखात्याची परवानगी वेगळी. चीफ या बाबतीत फार काटेकोर होते आणि ते बरोबरच होतं. तिथे पाय मोडला तर उचलून आणायलाच चार माणसं आणि पूर्ण दिवस लागतो.

दुसरी गोष्ट सूर्याची. घड्याळ भारताचं, पण बेट पार पूर्वेला, ब्रह्मदेशाच्या खाली. हिवाळ्यात पाचच्या सुमाराला सूर्य मावळतो आणि जंगलात चार वाजताच दिसेनासं होतं. त्यामुळे आमचं सगळं हिंडणं पहाटे सुरू होऊन दुपारी तीनला संपायचं.

सुरुवात गावांपासून झाली. शिबपूर, कालीपूर, दुर्गापूर, रामनगर, कालीघाट, मधुपूर ही गावांची नावं वाचूनच कळतं की वस्ती बंगाली आहे. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासित कुटुंबांना सरकारने इथे वसवलं. १९५० च्या दशकात ही माणसं जहाजाने उतरली तेव्हा समोर निव्वळ जंगल होतं. झाडं तोडायला, ओंडके ओढायला त्याही आधीपासून छोटा नागपूरकडचे आदिवासी मजूर आणलेले होते. उरांव, मुंडा, खडिया अशा सगळ्यांना मिळून तिथे ‘रांचीवाले’ म्हणतात. आज दिगलीपूरच्या आसपास भाताची खाचरं, सुपारी, नारळ दिसतो, तो या दोन्ही लोकांच्या मेहनतीचा आहे.

कालीपूरला एका मासेमाऱ्याच्या घरी आमचं जाणं-येणं झालं. वय सत्तरीच्या पुढे, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, त्यांच्या बायकोला बौदी. दादा लहान असताना आईबापांबरोबर खुलन्याकडून आले होते. त्यांच्याशी बोलायचं ते अंदमानी हिंदीत. मी आमच्या स्टेशनवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक त्यांना दाखवलं, तर त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, ‘‘किताब ठीक है बेटा, पर पूरब का हवा तीन दिन चला तो पानी इससे ज्यादा चढ़ेगा.’’ हे आमच्या गावी आजोबा सांगायचे तेच होतं. मी त्यांना आमच्याकडचे उधाण आणि भांग, म्हणजे मोठ्या आणि लहान भरतीचे दिवस, समजावून सांगितले, त्यांनी मला कालीपूरच्या किनाऱ्यावर कुठल्या महिन्यात वाळू कुठे सरकते ते दाखवलं. पुढे कुठेही निघायचं तर मी आधी कोष्टक बघायचो आणि मग दादांना विचारायचो.

भरती-ओहोटीचं गणित बरोबर बसवलं तर काय दिसतं, याचं उदाहरण म्हणजे रॉस आणि स्मिथ. एरियल बेच्या धक्क्यावरून छोट्या बोटीने, तिथल्या भाषेत डुंगीने, जायचं. ही दोन स्वतंत्र बेटं. मधोमध पांढऱ्या वाळूचा बांध आहे. भरतीला तो मधल्या भागात पाण्याखाली जातो, ओहोटीला उघडा पडतो आणि एका बेटावरून दुसऱ्यावर कोरड्या पायांनी चालत जाता येतं. उधाणाच्या दिवसांत गेलो तर फरक ठळक दिसतो. आम्ही पाणी उतरत असताना पोचलो. आधी गुडघाभर पाणी होतं, मग घोटाभर, मग मधे एक ओली रेघ उरली, दोन्ही बाजूंच्या बारीक लाटा त्या रेघेवर येऊन एकमेकींना भिडत होत्या, आणि पाहता पाहता वाळू वर आली. आता तिथे पर्यटक येतात. आम्ही गेलो त्या दिवशी आमच्याशिवाय वनखात्याचा एक माणूस होता.

खाड्यांच्या बाबतीत मात्र दादांनी ताकीदच दिली होती. आमच्याकडे लहानपणापासून खाडीत पाय सोडून बसायची सवय. इथे कालीघाटची खाडी असो की कालपोंग नदीचं मुख, काठावर मगरींच्या पाट्या आहेत आणि त्या उगाच नाहीत. खाऱ्या पाण्यातली ही मगर भारतात आढळणाऱ्या मगरींमध्ये सर्वांत मोठी. तिने माणसं नेलेली आहेत. एकदा कालीघाटच्या जेटीवरून ओहोटीच्या वेळी समोरच्या कांदळवनाच्या चिखलात एक पडलेली पाहिली. जबडा उघडा होता. डुंगीचं इंजिन सुरू झालं तेव्हा ती शेपूट न हलवता सरकली आणि चिखलावर रुंद घसरण उरली. त्यानंतर पाण्याच्या कडेला वाकून हात धुवायचीसुद्धा कुणी हिंमत केली नाही.

कालपोंगबद्दल थोडं सांगायला हवं. अंदमानात ओढे खूप, पण नदी म्हणावी अशी ही एकच. सॅडल पीकच्या रांगेत उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाते. तिच्यावर सव्वापाच मेगावॅटचा जलविद्युत प्रकल्प आहे, २००१ पासून चालू. म्हणजे आमच्या बरॅकीतल्या दिव्यातही त्या डोंगरावरच्या पावसाचा वाटा होता.

श्यामनगरचे चिखलाचे ज्वालामुखी एका रविवारी पाहून आलो. नाव ऐकून आग वगैरे डोळ्यांसमोर येते, पण तसं काही नसतं. गावाच्या पुढे जंगलातून चढत गेलं की अचानक झाडं संपतात आणि राखाडी, ओसाड मोकळं मैदान लागतं. त्यात ठिकठिकाणी बुटके चिखलाचे सुळके. खालून येणारा वायू चिखल वर ढकलतो. ओणवं होऊन पाहिलं तर भोकाच्या तोंडाशी चिखल फुगतो, तकतकीत होतो आणि फुटतो, नाचणीची आंबील रटरटावी तसा, फक्त फार सावकाश. बोट लावून पाहिलं, गार होता. रामनगरजवळच्या चुनखडीच्या गुहांमध्ये पाकोळ्या स्वतःच्या लाळेची घरटी करतात. ती खाण्यासाठी परदेशात विकली जात असल्यामुळे चोरांनी त्यांची वाताहत केली होती. आता वनखात्याचे रखवालदार तिथे राहतात. आम्ही गुहेच्या तोंडाशी उभे राहिलो, आत गेलो नाही. पिल्लांचे दिवस होते.

सॅडल पीकचा योग फेब्रुवारीत आला. पावसाळा दोन्ही बाजूंनी संपलेला असतो. नैऋत्येचा सप्टेंबरला ओसरतो, ईशान्येचा डिसेंबरपर्यंत रेंगाळतो आणि जानेवारी ते एप्रिल काय ते कोरडे दिवस. आम्ही चौघे आणि वनखात्याने दिलेला वाटाड्या. तो रांचीवाला, पन्नाशीचा. त्याचे वडील लाकूडतोडीच्या कॅम्पवर आलेले, याचा जन्म इथलाच. कालीपूरच्या पुढे लामिया बेला चेकनाका आहे. तिथे नावं लिहिली, प्लॅस्टिक किती नेतोय ते मोजून दिलं. वर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे एकाच दिवसात जाऊन-येऊन सोळा किलोमीटर.

सुरुवातीचा बराच भाग किनाऱ्याकिनाऱ्याने आहे आणि तो वाटतो तितका सोपा नाही. वाळू थोडी, गोटे जास्त. गोलसर, पायाखाली सरकणारे. त्यात समुद्राने आडवी पाडलेली अवाढव्य झाडं. एकेकावरून चढून पलीकडे उतरावं लागत होतं. डोंगरातून येणारे ओढे मधे मधे कापत जायचे. इथेही दादांचं ऐकलं होतं: जाताना ओहोटी मिळेल असा दिवस निवडायचा, कारण भरतीला काही ठिकाणी लाट थेट झाडीपर्यंत येते. आम्हाला ओहोटी मिळाली, पहाटेचा गार वारा मिळाला, आणि सूर्य समुद्रातून वर आला तेव्हा आम्ही निम्मा किनारा मागे टाकला होता.

मग पाटी येते आणि वाट डावीकडचा समुद्र सोडून सरळ जंगलात घुसते. घुसते आणि लगेच चढते. आजूबाजूला गर्जनच्या झाडांचे सरळसोट खांब. खाली बघावं तर बुंध्यापासून डोक्याएवढ्या उंचीची पातळ मुळं चहूकडे पसरलेली, त्यांना वळसे घालत जायचं. पडौकही होते. वाटाड्याने एका पडलेल्या पडौकाची साल कोयत्याने थोडी काढून आतलं लाल लाकूड दाखवलं. पण त्या जंगलावर खरं राज्य वेताचं आहे. वेत झाडांवर चढत जातो आणि त्याच्या टोकाला बारीक चाबूक असतो, त्यावर उलट्या आकड्यांच्या रांगा. शर्टाला अडकला की पुढे ओढायचं नाही; जितकं ओढाल तितका रुततो. दोन पावलं मागे यायचं, हाताने एकेक आकडा सोडवायचा आणि मग पुढे. वाटाड्या हे न थांबता करायचा. हात आपोआप जायचे. आम्हाला ते जमायला तास गेला.

वर ओल वाढत गेली. आदल्या रात्री माथ्याकडे सर पडून गेलेली असावी, कारण पानांवरून जळवा निघाल्या. तंबाखूचं पाणी लावलेले मोजे घातले होते त्याचा उपयोग झाला, तरी मानेला दोन लागल्याच. वाटाड्याने त्या मीठ लावून सोडवल्या. अंदमानचा मोठा काळा सुतारपक्षी डोक्यावर टकटक करत होता, लाल तुरा मधूनच दिसायचा. जंगलात उंचावर गेल्यावर एक गोष्ट लक्षात येते: झाडं हळूहळू बुटकी होत जातात, खोडांवर शेवाळ चढतं, बांबू लागतो, आणि हवेला गारवा येतो. दहाच्या सुमाराला आम्ही ढगात शिरलो. समोरचा माणूस धूसर दिसायला लागला आणि पानांवरून थेंब गळायला लागले, पाऊस नसताना. मी घड्याळ पाहिलं. खाली स्टेशनवर याच मिनिटाला माझा सोबती दाराबाहेर उभा राहून, माथा झाकला गेला असं लिहीत असणार. आम्ही त्या नोंदीच्या आत उभे होतो.

माथ्यावर फारशी मोकळी जागा नाही. ढग होता म्हणून काही दिसेना. आम्ही चपात्या-बटाटा खाल्ला आणि वाट पाहिली. मग ईशान्येकडून वारा सुटला, ढग फाटला आणि काही मिनिटांपुरतं सगळं खुलं झालं. पूर्वेला निळा समुद्र, उत्तरेला एरियल बे, रॉस आणि स्मिथ, मधे आमची धावपट्टी. पश्चिमेला एकामागे एक हिरव्या रांगा आणि त्यांत घर नाही, धूर नाही, रस्ता नाही. सह्याद्रीतल्या कुठल्याही टोकावरून मी समोरचा सुळका कोणता, किल्ला कोणता, खाली गाव कोणतं ते सांगू शकतो. इथे मी वाटाड्याला त्या रांगांची नावं विचारली. तो म्हणाला, ‘‘नाम तो होगा साब, पर बतानेवाला कोई नहीं है.’’

या वाक्याने मला नंतर बरंच वाचायला लावलं. उत्तर अंदमानात जेरू, बो, कोरा, चारी अशा टोळ्या राहत होत्या. ग्रेट अंदमानी म्हणून ज्यांना ओळखतात त्यांच्यापैकी. इंग्रजांनी १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत केली आणि त्यानंतर साथींनी ही माणसं संपत गेली. १८७७ ची गोवराची साथ तर अतिशय भयानक होती. १९६१ च्या जनगणनेत सगळे मिळून १९ उरले होते. पुढे त्यांना स्ट्रेट आयलंडवर नेऊन वसवलं. जानेवारी २०१० मध्ये बोआ सीनियर गेल्या आणि बो भाषा बोलणारं कुणी उरलं नाही. मी तेव्हा शिबपूरलाच होतो. त्या जिथल्या, त्याच बेटावर मी रोज वारा मोजत होतो, आणि ही बातमी मला मेसमधल्या जुन्या पेपरात वाचायला मिळाली.

एका इंग्रज मानववंशशास्त्रज्ञाने १९०६ ते १९०८ या काळात या लोकांत राहून जे टिपून ठेवलं, त्यात मला माझ्या कामाचंच सापडलं. उत्तरेकडच्या टोळ्यांच्या श्रद्धेत दोन मोठ्या शक्ती होत्या, बिलिकू आणि ताराई. बिलिकू ईशान्येच्या वाऱ्याची, ताराई नैऋत्येच्या. म्हणजे आम्ही ज्यांना दोन मॉन्सून म्हणून रजिस्टरात लिहितो तेच दोघे. दक्षिणेकडच्या टोळ्या बिलिकूला पुलुगा म्हणत आणि त्याचा मुक्काम एके काळी सॅडल पीकवर होता असं सांगत. वादळ येतं ते बिलिकू रागावली म्हणून, आणि ती रागावते तीन कारणांनी: कुणी मधमाश्यांचं मेण वितळवलं तर, रातकिड्यासारखा ओरडणारा सिकाडा गात असताना कुणी गोंगाट केला तर, आणि काही ठरावीक कंद-वनस्पती अवेळी उपटल्या तर. मी मेटचा माणूस आहे, वादळ कमी दाबाच्या पट्ट्यातून येतं हे मला शिकवलेलं आहे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात, वारा नैऋत्येकडून ईशान्येकडे वळताना, तिथे चक्रीवादळं होतात हे आमचं शास्त्रही सांगतं. त्याच काळाकडे ही माणसं पिढ्यान्‌पिढ्या लक्ष ठेवून होती. सॅडल पीकवरून उतरताना तिसऱ्या प्रहरी जंगलात सिकाडांनी एकदम सूर धरला होता, कानाचे पडदे दुखतील इतका. आमच्यातला एक जण मोठ्याने बोलत होता. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवून त्याला गप्प केलं. का ते त्यालाही सांगता आलं नाही. म्हणाला, बाप असंच करायचा. रांचीहून आलेल्या बापाला ते इथे कुणी शिकवलं असेल, याचा विचार मी अजून करतो.

माणसाला या बेटाने सहज थारा दिला नाही, हे इंग्रजांच्याही वाट्याला आलं होतं. आर्चिबाल्ड ब्लेअरने १७८९ मध्ये दक्षिणेला वसाहत टाकली. १७९२ मध्ये ती इकडे ईशान्येच्या मोठ्या बंदरात हलवली. तेच पोर्ट कॉर्नवॉलिस. बंदर अप्रतिम, चहूबाजूंनी सुरक्षित. पण तापाने माणसं मरायला लागली आणि १७९६ मध्ये सगळं गुंडाळावं लागलं. पुढे १८२४ मध्ये ब्रह्मदेशाच्या पहिल्या युद्धासाठी इंग्रजांचं आरमार याच बंदरात जमलं होतं. गस्तीच्या बोटीतून त्या बंदरात शिरताना दोन्ही काठांना कांदळवन आणि त्यामागे डोंगर, एवढंच दिसतं. आम्हालाही मच्छरदाणीत झोपायची सक्ती होती. सायंकाळी पूर्ण बाह्यांचा शर्ट नसेल तर चीफ मेसमध्ये घेत नसत.

पश्चिम किनारा पाहिला तो एका संयुक्त गस्तीत. तिकडे वस्तीच नाही. ब्रह्मदेशाकडून चोरटे येतात, समुद्रकाकड्या (सी-कुकुंबर नावाचे समुद्री प्राणी), शिंपले, शार्कचे पर गोळा करतात, किनाऱ्यावर लपून सुकवतात आणि घेऊन जातात. आम्ही ज्या पुळणीवर उतरलो तिथे माणसं मिळाली नाहीत, पण झाडीच्या आत बांबूची मांडणी उभी होती, खाली विझलेली चूल, आणि मांडणीवर काळ्या पडलेल्या समुद्रकाकड्या अर्धवट सुकलेल्या. पोलिसांनी पंचनामा केला, आम्ही मांडणी मोडली. त्याच किनाऱ्यावर पाण्याबाहेर दूरवर पोवळ्याचं खडबडीत पठार उघडं पडलेलं होतं, पांढरट, मेलेलं. २००४ च्या भूकंपात उत्तर अंदमानची पश्चिम बाजू वर उचलली गेली, काही ठिकाणी मीटरभर, आणि पोवळी जिवंतपणी उन्हात आली. त्याच धक्क्यात पार दक्षिणेला इंदिरा पॉइंट चार मीटरहून जास्त खचला. सुनामीच्या बातम्यांत आपण फक्त पाण्याबद्दल ऐकलं; जमीन किती हलली ते तिथे उभं राहिल्यावर समजतं.

आणि कालीपूरची कासवं. आपल्या वेळासला कासव महोत्सव होतो, तिथे येतं ते ऑलिव्ह रिडले. कालीपूरच्या एकाच किनाऱ्यावर चार जाती अंडी घालतात: ऑलिव्ह रिडले, हिरवं कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक. डिसेंबरपासून हंगाम. वनखात्याचे लोक रात्रभर किनाऱ्यावर फिरतात, आणि त्यांची परवानगी घेऊन आम्ही ड्यूटी नसेल त्या रात्री त्यांच्याबरोबर चालायचो. टॉर्चवर लाल कापड. मादी पाण्यातून येते तेव्हा सगळ्यांनी जागच्या जागी बसायचं; तिला चाहूल लागली तर ती परत फिरते. जागा पसंत पडली की मागच्या वल्ह्यांनी खणायला लागते. एक वल्हं आत जातं, तळहात वाकवावा तसं वाकतं, वाळू उचलून बाजूला ठेवतं, मग दुसरं. खड्डा तिला दिसत नाही, सगळं चाचपून. तळाशी रुंद, तोंडाशी अरुंद. मग अंडी, दोन-दोन, तीन-तीन, शंभराच्या आसपास. त्यावर वाळू ओढून झाली की रिडले अंग डावी-उजवीकडे आपटून जागा दाबते. तो धप्‌धप्‌ आवाज जवळ बसलेल्याला वाळूतून जाणवतो. ती गेल्यावर वनखात्याचा माणूस पालथा झोपतो, खांद्यापर्यंत हात घालून अंडी काढतो, वरची बाजू वरच ठेवून बादलीत रचतो आणि कुंपणातल्या हॅचरीत तेवढ्याच खोलीवर पुरतो. कुत्री आणि घोरपडी अंडी उकरतात, म्हणून हा खटाटोप. पाटीवर तारीख, जात, संख्या. लेदरबॅक मला एकदाच दिसलं, तेही परत जाताना. दोन माणसं आडवी झोपतील एवढी रुंद वाट वाळूत उमटली होती. साताऱ्याच्या चीफनी समुद्रातलं कासव तोवर पाहिलं नव्हतं. ते गुडघ्यांवर बसले आणि पाण्यात शिरेपर्यंत तिला हात जोडून राहिले.

आता कोहासाला मोठी धावपट्टी, इंटरनेट, सगळं पोचतं आहे. २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालची केबल आली. तिकडे बदली झालेली आपल्याकडची मुलं ओळखीने फोन करतात. त्यांना मी सांगतो, पहिल्या आठवड्यात वनखात्याच्या ऑफिसात जाऊन स्वतःची ओळख करून द्या, एकट्याने जंगलात पाऊल टाकू नका, कालपोंगच्या पाण्यात उतरू नका, आणि कोष्टकाबरोबर कालीपूरच्या म्हाताऱ्या मासेमाऱ्यांनाही विचारत जा. सॅडल पीक फेब्रुवारीत करा आणि माथ्यावर ढग असला तरी अर्धा तास थांबा. गावी यायची सुटी काढायची असेल तर ती मे-जूनमध्ये काढा; डिसेंबर ते मार्च बेट सोडू नका.